बेसचं वरचं शिंग

इस्माईलभाईंना मी पहिला भाव सांगितला आणि ते "बरं" म्हणाले. माझा तो सगळा दिवस खराब गेला.

हे दुःख भाव करणाऱ्यालाच कळेल. भिवंडीत एसटी स्टँडजवळ माझं जुन्या वाद्यांचं दुकान आहे, साउंडही भाड्याने देतो. अंजूरहून मी आलो तेव्हा पायात चप्पल नव्हती. एका लाउडस्पीकरवाल्याच्या बॅटऱ्या डोक्यावरून वाहिल्या आणि पुढे त्याच्याच समोर स्वतःचं शटर उघडलं. हे सगळं तोंडाच्या जोरावर मिळवलं. समोरचा शंभर म्हणाला की आपण चाळीस म्हणायचं. तो उठला की त्याला पायरीपर्यंत जाऊ द्यायचं आणि मग हाक मारायची. त्यात मजा असते, आणि त्यात माणूसही कळतो. "बरं" म्हणणाऱ्याचं काय कळणार?

ते २००१ साल होतं. पन्नाशी ओलांडलेला, उंच, खांद्यात वाकलेला एक माणूस कोऱ्या ग्रे कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. कापड सोडलं तर आत बेस गिटार. चार जाड तारांचा, गाण्यात सगळ्यांच्या खाली जो घुमतो तो. त्याच्या लाकडी अंगाला मानेच्या दोन्ही बाजूंनी दोन शिंगं होती. वरचं लांब आणि खालचं आखूड. पॉलिश उडालेलं, पण लाकूड वजनदार आणि मान सरळ.

"कितीला देणार?" मी विचारलं.

"तू सांग."

माझी मलाच लाज वाटावी इतका खालचा आकडा मी सांगितला. वर चढायला जागा नको का?

"बरं," ते म्हणाले, आणि मग, "एकदा वाजवू? शेवटचा."

मी अँपला वायर लावून दिली. त्यांनी पट्टा गळ्यात घातला. आखूड पट्टा, त्यामुळे बेस छातीवर आला. त्यांनी मान वाकवली, जबडा वरच्या शिंगावर टेकवला, डोळे मिटले आणि वाजवू लागले. काउंटरवर ठेवलेला माझा हात थरथरला. काचेच्या कपाटातल्या बासऱ्या एकमेकींना लागून वाजल्या. मी चाळीस-पन्नास बेसवाले पाहिले होते. बोटं सगळ्यांचीच चालतात. ह्या माणसाच्या हाताखाली मात्र जमीन होती.

"विकताय कशाला?" मी विचारलं.

"आमचा ऑर्केस्ट्रा बंद झाला. आता कीबोर्डवालाच डाव्या हाताने बेस मारतो. घरात वाजवला तर शेजारी भिंत ठोकतात."

"बेस मी घेतला. आता तो वाजवायला माणूस पाहिजे. माझी बँजो पार्टी हाय, हळदीला वाजवते. येता?"

माझ्या तोंडाकडे बघत ते म्हणाले, "बरं."

असा इस्माईलभाईंचा बेस माझा झाला आणि इस्माईलभाई माझ्या पार्टीत आले.

ते भिवंडीतल्याच निजामपुऱ्यातले. दिवसा एका पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करणारा कारागीर. वयाच्या चौदाव्या वर्षापासून लूममध्ये. लूमला काय झालंय ते बघायला त्यांना पाना लागत नसे. मी एकदा कारखान्यात गेलो होतो तेव्हा पाहिलं, चालत्या लूमच्या बिडाच्या चौकटीवर नुसता तळहात ठेवला आणि म्हणाले, "डाव्या अंगाची पुली घासते." खोललं तर तसंच. आजूबाजूला चोवीस लूम खडखडत होते. मला माझाच आवाज येत नव्हता. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो तर त्यांनी मला मागे ढकललं. "समोर उभा राहून बोल," म्हणाले. मला वाटलं, कामाच्या वेळी अंगाशी आलेलं त्यांना आवडत नसेल.

त्यांचं सगळं बोलणं लूमचं. आमचा बँजोवाला हौशी होता, टाळ्या पडल्या की पळत सुटायचा. कशेळीच्या एका हळदीत त्याने गाणं असं पळवलं की नाचणाऱ्या बायकांचे पाय एकमेकींत अडकायला लागले. ढोलकीवाला घाबरून त्याच्या मागे धावला. इस्माईलभाई अँपच्या खोक्यावर बसले होते. त्यांनी खोकं ओढत बँजोवाल्याच्या पुढ्यात आणलं, त्याच्या बोटांकडे बघत एकच सूर धरला आणि सोडला नाही. अर्ध्या मिनिटात सगळी पार्टी त्या सुरावर परत येऊन उभी राहिली. बायका पुन्हा नाचू लागल्या. काय बिघडलं होतं आणि काय सुधारलं, हे त्यांतल्या एकीलाही कळलं नाही.

नंतर चहा पिताना मला म्हणाले, "बँजो म्हणजे बाना, रामदास. आडवा धागा, रंगीत. इकडून तिकडे पळणारच. आपण ताना. उभा राहायचा. कापड घेणारा ताना बघत नाय. सैल सोडून बघ, मग सगळ्यांना दिसतो."

ते मला रामदास म्हणत. भिवंडीत मला सगळे शेठ म्हणतात, माझे भाऊसुद्धा. सुरुवातीला मला ते खटकायचं, पुढे आवडायला लागलं.

माझा राग सगळ्यांना ठाऊक आहे. एका हळदीत नवरीच्या मामाने ऐन वेळी दोन ढोलकीवाले फुकट मागितले आणि मी तिथेच मंडपात माईक आपटला. त्या मामाला, त्याच्या गावाला, माझ्या पार्टीतल्या प्रत्येकाला जे सुचेल ते बोललो. सगळे तोंड पाडून उभे. इस्माईलभाई मात्र खोक्यावर बसून माझ्याकडे बघून हसत होते.

"एवढा ओरडलो आणि तुम्ही हसताय?" मी नंतर विचारलं.

"ओरडताना तू चांगला दिसतोस," ते म्हणाले. "बापासारखा दिसत असशील."

माझा राग तिथेच विरघळला. किती मोठ्या मनाचा माणूस, असं मी चार लोकांना सांगितलंसुद्धा.

फक्त त्या खोक्यावरून आमची कुरबुर चालायची. बाकीचे सगळे उभे राहून वाजवत, हे अँपच्या लाकडी खोक्यावर बसून. "भाई, उठा, शोभत न्हाय," मी म्हणायचो. "पाय दमतात," ते म्हणायचे. दिवसभर लूममध्ये उभा राहणारा माणूस, मी सोडून द्यायचो.

त्या वर्षांत बेसवाल्यांचे दिवस फिरले होते. जो तो बेस विकून कीबोर्ड घेत होता, आणि ठाण्यापासून वसईपर्यंतचे बरेचसे बेस माझ्या दुकानातून गेले. विकून गेलेली माणसं परत येत. विकत घ्यायला नाही, बघायला. कल्याणचा एक जण दर गुरुवारी येऊन विचारायचा, "माझा गेला का?" आणि गेला नाही म्हटलं की त्याच्या तारेवर एक बोट मारून निघून जायचा. वसईच्या एकाने आपल्या बेसच्या मानेवरच्या सगळ्या पितळी पट्ट्या उपटून टाकल्या होत्या. त्याशिवाय आवाज मऊ येतो असं कोणीतरी सांगितलं म्हणून. आवाज मऊ आला, पण सूर कुठे आहे ते कळेना आणि कोणी त्याला बोलावेना. त्या उपटलेल्या पट्ट्या तो तंबाखूच्या डबीत घालून फिरायचा. डबी उघडून मला दाखवायचा, "परत बसतील का हो?"

"तुझी अक्कल बसेल का परत?" मी म्हणालो आणि हसलो.

इस्माईलभाई दुकानात होते. तो गेल्यावर म्हणाले, "त्याला हसू नको. हात रिकामा झाला की माणूस खाजवत बसतो."

"तुम्ही पण विकलाच की. तुम्हाला वाटतं का काही?"

"वाजवतो तर मीच. नाव तुझं असलं म्हणून काय झालं?" असं म्हणून त्यांनी भिंतीवर टांगलेल्या त्यांच्या, म्हणजे माझ्या, बेसची धूळ बाहीने पुसली.

२००५ साली व्हीसीडीचा धंदा जोरात होता. प्रत्येक पार्टीची हळदीच्या गाण्यांची व्हीसीडी. लोक दुकानात येऊन कव्हर बघूनच पार्टी ठरवत. कल्याणकडच्या एका पार्टीच्या कव्हरवर छोटासा, शिंगं नसलेला, चंदेरी बेस घेतलेला माणूस होता. गिऱ्हाइकं मला विचारू लागली, "तसला गिटार हाय का तुमच्यात?" आमचा बेस त्याच्यापुढे म्हशीसारखा दिसायचा. मी ठरवलं. आमच्या लक्ष्मण सुताराला, जो लूमचे लाकडी भाग करतो, दुकानात बोलावलं. इस्माईलभाई समोरच बसले होते.

"भाई, ह्याची दोन्ही शिंगं उडवतो, आणि वर चंदेरी रंग मारतो."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "शिंगं?"

"दोन्ही."

त्यांनी बेस मांडीवर घेतला. वरच्या शिंगावरून अंगठा फिरवला. "खालचा उडव. वरचा राहू दे."

"एका शिंगाची म्हैस बघितलीय का कधी?"

लक्ष्मण हसला. इस्माईलभाई हसले नाहीत. "वरचा अर्धा?"

"भाई, कव्हरवर फोटो यायचाय. अर्धा-बिर्धा न्हाय."

"बरं," ते म्हणाले. "वस्तू तुझी."

मी खूश झालो, खोटं कशाला सांगू. चार वर्षांत ह्या माणसाने पहिल्यांदा माझ्याशी घासाघीस केली होती आणि मी जिंकलो होतो. लक्ष्मणने शिंगं कापली. वरच्या शिंगावरचा पट्ट्याचा खिळा मागच्या बाजूला ठोकला. ट्रक रंगवणाऱ्याकडून दोन हात चंदेरी मारून आणले. शूटिंगला खरं वाजवायचं नव्हतंच, गाणं आधीच रेकॉर्ड झालेलं. चंदेरी कोट घालून सगळे हात हलवत उभे राहिले. कव्हर झकास आलं.

त्यानंतरची पहिली हळद अंजूरला होती, माझ्या गावात, माझ्या चुलतभावाच्या घरी. माझी इज्जत तिथे. पहिल्याच गाण्यात काहीतरी बिनसलं. कीबोर्डवाला वळून वळून बघायला लागला. बेस सुराच्या जरा खाली लागत होता, त्यांनी खुंटी पिळली की जरा वर. इस्माईलभाई मान वाकवत होते, आणखी वाकवत होते, एखादा माणूस अंधारात उशी शोधतो तसे. दुसऱ्या गाण्यात बेस नीट झाला असं मला वाटलं. तिसऱ्यात लक्षात आलं की बेस येतच नाहीये. छातीत काही लागत नव्हतं. मी मागून जाऊन पाहिलं तर त्यांची बोटं तारांवर चालत होती आणि आवाजाची कळ शून्यावर होती. ते नुसते हात हलवत होते, शूटिंगला हलवले तसे.

मी गाणं थांबवलं. माझ्या भावकीसमोर, बायका-मुलांसमोर ओरडलो, "झोपा काढायला आणलंय का तुम्हाला? म्हातारपण आलंय तर घरी बसा!"

त्यांनी माझं तोंड शेवटपर्यंत वाचलं. आता कळतं, वाचलंच ते.

"बरं, शेठ," ते म्हणाले. पट्टा काढला, बेस खोक्यावर उताणा ठेवला आणि रिक्षा मिळते त्या रस्त्याकडे चालत गेले. चार वर्षांत पहिल्यांदा मला शेठ म्हणाले.

मी आठ दिवस वाट बघितली. माफी मागायला येतील अशी. आले नाहीत, म्हणून मीच भांडायला निजामपुऱ्यात गेलो. खोलीत ते माझ्याकडे पाठ करून ताटातले तांदूळ निवडत होते. मी दारातून हाक मारली. एकदा, दोनदा. वळले नाहीत. वाटलं, रुसलेत. मी आवाज चढवला. तेवढ्यात जुबेदाभाभी आतून आल्या आणि त्यांनी जमिनीवर टाच दोनदा आपटली. इस्माईलभाई लगेच वळले.

मी भाभींच्या टाचेकडे बघितलं, मग भाईंकडे.

"तुम्हाला म्हाईत नाय?" भाभी म्हणाल्या. "अख्ख्या मोहल्ल्याला म्हाईत हाय. डावा कान दहा-बारा वर्षं झाली, मेला. उजव्याने ढोल वाजला तर कळतो, बाकी काय नाय. लूमने खाल्ले दोन्ही."

मग एकेक गोष्ट माझ्या डोक्यात येऊन पडायला लागली. समोर उभा राहून बोल. माझ्या तोंडाकडे बघणं. खोक्यावर बसणं, कारण खोक्यातून आवाज अंगात चढतो. मी माईक आपटला तेव्हाचं हसू. मी काय बोलतोय ते त्यांना ऐकूच आलं नव्हतं! आणि शिंगावर टेकवलेला जबडा. तारेचा सूर लाकडातून शिंगात, शिंगातून हाडात आणि हाडातून डोक्यात जायचा. तेवढ्या वाटेने त्यांना गाणं ऐकू येत होतं. ती वाट मी कव्हरवरच्या फोटोसाठी कापली होती.

मला पश्चात्ताप व्हायला हवा होता. मला राग आला.

"सांगितलं का न्हाय मला?" मी ओरडलो.

"काय सांगायचा?"

"ऐकू येत न्हाय म्हणून!"

"सांगितला असता तर पार्टीत ठेवला असतास?"

"ठेवला असता!"

ते हसले. "रामदास, भाव पाडताना तू खाली बघतोस. आत्ता खाली बघितलास."

भाभींनी चहा आणला. मी प्यायलो नाही. पुन्हा रामदास म्हणाले, एवढंच बरोबर घेऊन उठलो.

कापलेले तुकडे दुसऱ्याच दिवशी लक्ष्मणच्या चुलीत गेले होते. मी त्याला शिसवीचं नवं शिंग करायला लावलं. जुन्या फोटोवरून माप काढलं, आतून दोन स्क्रू आणि वर सरस. पाच वेळा परत पाठवलं. मग बेस आणि छोटा अँप घेऊन पुन्हा निजामपुऱ्यात गेलो. इस्माईलभाईंनी जबडा टेकवला, जाड तार छेडली, डोळे मिटले. मी त्यांच्या कपाळाकडे बघत होतो, गिऱ्हाईक आकडा सांगायच्या आधी बघतो तसा.

"येतो," ते म्हणाले. "पण शेजारच्या घरातून आल्यासारखा."

"पुन्हा पार्टीत या."

"नाय. शेजारच्या घरातलं ऐकून आपल्या घरात कसा वाजवायचा?"

"एवढंसं लाकूड तर होतं," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "एवढ्याशा लाकडाने काय होतं?"

त्यांनी मला खाटेवर शेजारी बसवलं. बेस माझ्या छातीशी धरला. "जबडा ठेव. दात मिटून. आता दोन्ही कान बोटांनी बंद कर."

मी केलं. गल्लीतले लूम गेले, भाभींचा स्टोव्ह गेला. मग त्यांनी तार छेडली.

कशेळीच्या पुलावर उभं असताना भरलेला ट्रक गेला की पायातून वर काहीतरी चढतं. तसं ते चढलं, पण पायातून नाही, दातांतून. कानात काहीच नव्हतं आणि डोकं भरून गेलं होतं. त्यांनी दुसरा सूर वाजवला, मग तिसरा. प्रत्येक वेगळा, प्रत्येकाची जागा वेगळी, जबड्यात इथे, कानामागे तिथे. मी तीस वर्षं साउंडच्या धंद्यात होतो. मला वाटायचं, मला आवाज कळतो.

त्यांनी मला थोपटलं. मी कानांतली बोटं काढली.

"हा अर्धा हाय," ते म्हणाले. "आधी पुरा होता."

मी पुन्हा कान बंद केले आणि जबडा टेकवला. त्यांनी अख्खं एक गाणं वाजवलं, माझ्या गळ्याशी बेस, त्यांचे हात माझ्या दोन्ही बाजूंनी. शाळेत मुलाचा हात धरून अक्षर गिरवून घेतात तसे आम्ही बसलो होतो. मी पंचेचाळीस वर्षांचा घोडा.

ते पुन्हा पार्टीत आले नाहीत. बेस ठेवून घ्या म्हटलं तर घेतला नाही. पुढे कारखाना बंद पडला तसे ते महाडला मुलीकडे राहायला गेले आणि २००९ साली तिथेच वारले. मला कळलं तेव्हा चाळीसावा दिवस उलटून गेला होता.

आता कोणी बेस विकायला आणला किंवा कापायला, रंगवायला, पट्ट्या उपटायला आणला तर मी आधी त्याला वाजवायला लावतो. समोर बसून बघतो, अंग कुठे टेकतंय, मान कुठे वळतेय. आणि तिथे बोट ठेवून विचारतो, "हे गेलं तर चालेल?" निम्मे जण वस्तू उचलून घरी जातात. धंद्याला हे परवडत नाही. तरी करतो.

पण इस्माईलभाईंवरचा माझा राग काही गेलेला नाही, आणि तो मी लपवणार नाही. नुसत्या तळहाताने लूमचं दुखणं ओळखणारा माणूस. मला चार वर्षं रोज बघितलं आणि एवढंच ओळखलं की मी खाली बघतो. त्या शिंगासाठी त्यांनी दोनदा तोंड उघडलं. वरचा राहू दे म्हणाले, मग अर्धा म्हणाले. दोनदा मी नाहीच म्हणतो, तो माझा धंदा आहे. तिसऱ्यांदा मागायला हवं होतं. तिसऱ्यांदा मी ऐकतो. भिवंडीत कोणालाही विचारा.